उजवीकडची पावलं

४ जानेवारी, रविवार
दुपारी जेवून डाव्या कुशीवर आडवा झालो आणि बाबांचं घोरणं थांबलं. ताडकन उठलो. नको ते मनात आलं. बघतो तर दिवाणावर बाबा तोंड उघडं टाकून झोपलेले आणि घोरणं जोरात चालू. परत आडवा झालो. बंद. उठलो. चालू.
म्हणजे उशीत दाबला गेला तो डावा कान ठीक आहे. वर राहिला तो उजवा गेलाय. सर्दी असेल. उद्या बघू.

६ जाने., मंगळवार
सर्दी नाही. मुर्ध्याच्या रस्त्यावर उजवीकडून रिक्षा अंगाला घासून थांबली. रिक्षावाला म्हणाला, "भाईसाब, सुनाई नहीं देता क्या?" म्हटलं, नहीं. खरं उत्तर मिळाल्यावर बिचारा गोंधळला.
तिथून सरळ कानाचे डॉक्टर. टेस्ट. आतली नस, म्हणाले. गोळ्यांचा कोर्स, मग १९ तारखेला परत टेस्ट. "येईल ना?" विचारलं. "काहींचं पूर्ण येतं, काहींचं थोडं." काहींचं येतच नाही, हे ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

८ जाने., गुरुवार
रजा टाकली. बाबांना सांगितलं, कानात मळ झालाय.
वेळ जाईना म्हणून तो जुना गेम लॅपटॉपवर उतरवून घेतला. बंदरातल्या चोराचा, तिसरा भाग. शाळेत असताना ताई आणि मी याच्यामागे वेडे होतो. आता सहा भाग झालेत. ऑफिसातली पोरं पाचव्याचं कौतुक करतात. करोत. पहिल्यात पहारेकरी आंधळे, नाकासमोरून गेलात तरी चालायचं. दुसऱ्यात नुसती तलवारबाजी. अरे, चोर आहे ना, चोरी कर. चौथ्यापासून भिंतीपलीकडची माणसं लाल दिसतात, वर कोपऱ्यात नकाशा. मग लपायचं कशाला?
तिसऱ्यात काही दिसत नाही. अंधार आणि पहारेकऱ्यांची पावलं. लाकडावर वेगळी, फरशीवर वेगळी, पत्र्यावर वेगळी. डावीकडून येतायत की उजवीकडून, एवढ्यावर सगळा खेळ. याच्यासारखा परत त्यांना जमला नाही.
पहिल्याच गल्लीत पकडला गेलो. उजवीकडून आला. परत सुरू केला. परत उजवीकडून.
बाकीचे पाचही भाग एका कानावर खेळता येतील. नेमका हाच नाही. लॅपटॉप मिटला आणि रडू आलं. टेस्टचा कागद बघून आलं नव्हतं.

१० जाने., शनिवार
कानात बारीक शिट्टी, दिवसभर. बाकी काही नाही.
आम्ही शाळेत होतो तेव्हा बाबा स्टेशनच्या पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, कायम रात्रपाळी. दिवसा हॉलमध्ये झोपायचे. कॉम्प्युटरही हॉलमध्येच. आई कामावर. शाळेतून आलो की चपला हातात घेऊन आत शिरायचं, कुठली फरशी वाजते ते पाठ. चोर आम्ही घरातच झालो होतो, गेम नंतर आला.
स्टेशनसमोरच्या दुकानातून सीडी भाड्याने आणायचो. इअरफोन एकच. डावं बोंडूक मला, उजवं ताईला. ताई कायम उजवीकडे बसायची. बोलायची सोय नाही, म्हणून तिच्या बाजूने पावलं आली की ती माझा गुडघा दाबायची. लांब असतील तर हलकेच, जवळ आली की कचकन. निळे डाग पडायचे. आणि बाबांचं घोरणं थांबलं की दोघांचेही हात कीबोर्डवरून वर, श्वाससुद्धा बंद. परत घोरायला लागले की पुढे.
म्हणजे उजव्या बाजूचा तो गेम मी कधी ऐकलाच नव्हता. ती बाजू ताईची होती.

१४ जाने., बुधवार
संक्रांत. संध्याकाळी ताई खारीगावातून तिळगूळ घेऊन आली. सवयीने उजवीकडे बसली आणि बोलत राहिली. खाली पतंगवाली पोरं ओरडत होती, सगळी डावीकडेच.
शेवटी तिने खांदा हलवला. "गोड बोल म्हणून सांगायला आले, तर तू बोलतच नाहीयेस."
सांगितलं. आधी चिडली. "मला एक फोन करायला काय झालं होतं तुला?"
"फोन कुठल्या कानाला लावायचा, तेच ठरत नव्हतं."
हसली नाही. डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली, उगीच भांडी लावत बसली. बाबांनी ऐकलंच होतं. "मळ झालाय म्हणालास ना?" एवढंच म्हणाले आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले. टीव्हीही लावला नाही.
जाताना ताई म्हणाली, "रविवारी येते. तो गेम काढून ठेव."

१८ जाने., रविवार
ताई तिचा जुना वायरवाला इअरफोन शोधून घेऊन आली. दुपार. बाबा दिवाणावर, घोरणं सुरू.
बसलो. डावं मला, उजवं तिला. पहिली गल्ली सुटली. गोदाम सुटलं. गुडघा अजूनही तसाच दाबते, हात मात्र जड झालाय. इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता.
लाकडी जिन्यापाशी मी तिने दाबायच्या आधीच थांबलो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ऐकू नव्हतं आलं, पाठ होतं. तिथे तो नेहमीच येतो.
मग तिने माझ्या कानातलं काढलं आणि तिचं बोंडूक माझ्या उजव्या कानात घातलं. लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "डोळे मिट. आला की माझा गुडघा दाब."
मिटले. आधी नुसती शिट्टी. मग शिट्टीच्या मागे काहीतरी. बंद दाराबाहेरून कुणी सपाता घालून जावं तसं. होतं की मला हवं होतं म्हणून होतं, कळेना. दाबला गुडघा.
ताईच्या बोटांची टकटक चालूच.
तेवढ्यात बाबांचं घोरणं थांबलं. दोघांचेही हात वर. कशाला, कुणाला ठाऊक. जरा वेळाने परत सुरू झालं.
"बरोबर होतं का?" मी हळूच विचारलं.
"उद्या टेस्ट आहे ना," ताई माझ्या डाव्या कानात म्हणाली. "डोळे उघडू नकोस. परत एकदा."