विस्फार, विस्तार, फुगा

४ ऑगस्ट, सोमवार. परळ
परबांची सोनोग्राफी. पोटातली महाधमनी गेल्या खेपेपेक्षा स्पष्ट रुंदावलेली. केतकीने आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत मोजले. बाहेरून बाहेर मोजायचे, हे या अभ्यासात ठरलेले आहे. सहायक संशोधकाला ते पुन्हा का सांगावे लागावे? मग मीच मोजले. साडेपाच सेंटिमीटरच्या वर. म्हणजे 'लहान विस्फारांची वाढ' या आमच्या अभ्यासातून परब बाहेर, आता शस्त्रक्रिया. एवढ्या थोड्या काळात एवढी वाढ का? चीड येते.
त्यांना 'महाधमनीचा विस्फार' म्हणजे काय ते नीट समजावले. ते हसतमुखाने ऐकत होते. विचित्र.

७ ऑगस्ट, गुरुवार
परब आज भरती व्हायचे होते, आले नाहीत. फोनवर म्हणे, "माका काय्येक होना नाय." केतकीचे टुमणे: "मॅडम, सरळ 'फुगा' म्हणू या ना." नाही. फुगा जत्रेत मिळतो. ज्याने जन्मभर लालबागच्या गिरणीत माग चालवले, त्याच्याशी बालवाडीच्या भाषेत बोलणे हा त्याचा अपमान आहे.

११ ऑगस्ट, सोमवार
परब आले, सोबत परबबाई. म्हणाले, "बाईनू, शेजारच्या सावंताची शीर बारीक झाली, तेका स्प्रिंग घातल्यानी. माझी तर रुंद झाली हा. ती कापूची कित्याक? तुम्हीच सांगितलास ना, महाधमनीचो विस्तार झालो म्हणान!"
अख्ख्या चाळीत सांगून झाले आहे: परबांना आता अटॅक येणे नाही.
केतकी नंतर: "'विस्फार' तुमच्या पेपरात शोभतो, मॅडम. काकांच्या कानात तो 'विस्तार' झाला." तिच्या चेहऱ्यावर विजय होता. तो मला आवडला नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार
पुन्हा बोलावले. कागदावर नळी काढली, मध्ये फुगवटा. म्हटले, "परब, हा फुगा आहे." उच्चारताना जीभ अडखळली.
त्यांचे हसू गेले.
"म्हणजे फुटतलो?"
"फुटू शकतो. म्हणूनच…"
वाक्य पुरे करू दिले नाही. "मगे चवथ करून येतंय. फुटाचो आसात तर थय फुटांदे, गणपतीसमोर."
परबबाई उसळल्या: "आणि वाटेत फुटलो तर? मी काय टोलनाक्यार देवाक गाऱ्हाणा घालू?"
चतुर्थीआधीची शस्त्रक्रियेची तारीख देऊ केली. नको. कळले नव्हते तोवर बिनधास्त होते, म्हणून येत नव्हते. आता कळले म्हणून गावी निघाले. मी नेमके काय साधले?

१९ ऑगस्ट, मंगळवार
परबांच्या कोकणातल्या गावापासून अशी शस्त्रक्रिया होईल असे रुग्णालय किती लांब, ते पाहिले. पाहायला नको होते. रक्तदाबाच्या गोळ्या वाढवल्या. बजावले: जड उचलायचे नाही, जोर लावायचा नाही, पाठीत वा पोटात कळ आली की घटकाही थांबायचे नाही. "होय होय" म्हणाले. आरतीसाठी उठलेल्या माणसाची घाई होती त्या 'होय'ला.

२३ ऑगस्ट, शनिवार. दादर, घरी
सायंकाळी परबबाईंचा फोन. गावची एसटी सुटायच्या बेतात होती. मागे गोंगाट.
"बाईनू, खरा सांगा. ह्ये परत येयसर टिकतले मा?"
सूचना पुन्हा सांगू लागले.
"ता सगळा माका पाठ हा. मी इचारलंय ता सांगा."
कोणाचा फुटेल, केव्हा फुटेल: आमचा अभ्यास याच प्रश्नावर उभा आहे. शंभर जणांविषयी मी काहीतरी मांडू शकते, तेही जपून. एका दत्ताराम परबाविषयी नाही. हो म्हणावे तर खोटे, नाही म्हणावे तर तेही ज्ञानातून नव्हे, भीतीतून. शब्द जुळवत राहिले.
तेवढ्यात गाडीत भजन सुरू झाले. झांजा, टाळ्या. सगळ्यांच्या वर एकच आवाज चढत होता, परबांचा. छातीपोटाचा सगळा जोर लावून गात होते.
"बाई, त्यांना आधी थांबवा," मी म्हणाले.
"ह्येंका?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा." आणि फोन त्यांच्याकडे दिला असावा, कारण भजन एकदम कानाशी आले.