हळदीचं बोट

प्रिय आई,

तुला नमस्कार, आणि बाबांनाही. नाहीतर ते रुसून बसतील. मी खाऊनपिऊन मजेत आहे.

तू विचारलं होतंस, “एवढं शिकून चिखलात काय हुडकतेस?” तर ऐक. तळ्याच्या तळाशी दरवर्षी गाळाचा नवा थर बसतो. आम्ही लांब नळी खुपसून ते थर अख्खे वर काढतो. जुनं शेवाळ कधीच कुजलेलं असतं, पण त्याचा रंग किंचित उरतो. त्या रंगांवरून दोनशे वर्षांपूर्वी तळ्यात कोणकोणतं शेवाळ होतं, ते कळतं.

उजेडाने हे रंग उडतात, म्हणून आमची खोली कायम अंधारी. सोमवारी मी आत शिरले आणि तुझ्याच सवयीने पडदा सर्रकन उघडला! प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई ओरडल्या, “अगं, दोनशे वर्षं उन्हात वाळत घातलीस!” नशीब, नळी उभी चिरून अर्धा गाळ फ्रीजमध्ये ठेवलेला होता. तेव्हापासून मी ‘पडदेवाली’.

आता तू खरं सांग. तू फोडणी आणि पत्र एकदमच करतेस, म्हणून तुझ्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात हळदीचं बोट असतं. या वेळचा कागद मात्र कोरा करकरीत, आणि ‘सगळं ठीक आहे’ तीनदा लिहिलंयस. स्वयंपाक कोण करतंय? कंबर पुन्हा धरली का? बाबा करत असतील, तर मला दोघांचीही काळजी वाटते.

आणि हे वाचून उत्तराच्या कागदाला मुद्दाम हळद फासू नकोस. मला कळेल.

तुझी,
पडदेवाली