डोक्याचा फोटो

कल्याण,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. मालनताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन कानाला लावला की डोक्यात भुणभुण सुरू होते, स्क्रीनकडे पाहिलं की डोळ्यांमागे ठणकतं. म्हणून कागदावर लिहितोय, तेही थांबत थांबत.

जूनमध्ये करोना झालेला. ताप आठवड्यात गेला, डोकं मात्र अजून ताळ्यावर नाही. गेल्या महिन्यात एकदा शाळेची व्हॅन घेऊन निघालेलो. शीळफाट्याला आलो आणि कुठल्या बाजूला वळायचं तेच कळेना. रोजचा रस्ता, ताई! मागे पोरं ओरडतायत, हॉर्न वाजतायत, आणि मी स्टिअरिंग धरून बसलेलो. कशीबशी गाडी कडेला घेतली आणि शिवानीला बोलावलं. ती शेजारच्या प्रीतमला घेऊन आली, त्याने पोरं पोचवली. तेव्हापासून मी व्हॅनला हात लावलेला नाही.

शिवानीचा भाऊ गुरुदत्त म्हणतो, भावोजींना आराम अंगवळणी पडलाय. आता ठाण्याला एमआरआय आहे, डोक्याच्या आतला फोटो निघेल. खरं सांगू? काहीतरी निघावं असंच वाटतंय. निघालं तर औषध तरी मिळेल.

तुझी माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझा सुदेश

कल्याण,
२० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोटो निघाला. नळकांड्यासारख्या मशीनमध्ये आडवं केलं, डोक्यावर पिंजरा बसवला, हलायचं नाही म्हणाले. मग अशी ठोकाठोक सुरू झाली की कानात बोळे असूनही वाटलं, कुणी कवटीला ड्रिल लावलंय. मशीन थांबवायला हातात दिलेला रबरी फुगा दाबला, बाहेर आलो, उलटी केली. शिवानीने पाठीवरून हात फिरवला. पुन्हा आत गेलो.

आणि रिपोर्ट काय? नॉर्मल! डॉक्टर म्हणाले, मेंदू अगदी स्वच्छ आहे, टेन्शन घेऊ नका, सकाळी चालायला जा. मी शीळफाट्याचं सांगायला लागलो तर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. संध्याकाळी गुरुदत्तने व्हॅनची किल्ली माझ्यापुढे आणून ठेवली. मला शब्दच सुचला नाही. म्हणजे खरंच सुचला नाही, ताई. समोर पडलेल्या त्या वस्तूला काय म्हणतात, ते आठवेना.

तुझा सुदेश

खडवली,
२४ नोव्हेंबर

चि. सुदेश यास,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट चांगला आला हे वाचलं, देवापुढे नारळ फोडला आणि आळीत पेढे वाटले. वेड्या, चांगल्या बातमीवर कोणी असं चिडतं का? लहानपणी पास झालास तरी मार्क कमी पडले म्हणून रुसायचास, तसंच हे. आता डोक्यातलं खूळ काढ. इकडे ये दोन दिवस, नाचणीचे लाडू केलेत. मग हसत व्हॅन सुरू कर. शिवानीची किती ओढाताण होत असेल, तिचाही विचार कर रे.

तुझी काळजी करणारी,
ताई

कल्याण,
२७ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

पेढे कशाचे वाटलेस? माझं डोकं चालत नाही याचे, की ते कुणाला दिसत नाही याचे? तापाने फणफणलो असतो तर उशाशी बसली असतीस. शनिवारी येतो, तूच बघ. रागाने लिहिलंय, वाचून फाडून टाक.

सुदेश

खडवली,
३ डिसेंबर

चि. सुदेश यास,
अनेक आशीर्वाद.

तू इथे होतास तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

मिक्सर लावला तेव्हा तू कान दाबून पडवीत जाऊन बसलास. मला ते नाटक वाटलं. रविवारी तुला नदीवरून यायला उशीर झाला म्हणून बघायला आले, तर तू देवळाजवळ दोन वाटा फुटतात तिथे उभा. अख्खं बालपण त्या वाटेने धावलास, आणि आता एकदा इकडे बघत होतास, एकदा तिकडे. ठमाबाई भाजीची पाटी घेऊन आली, तिने विचारलं तर हसून म्हणालास की पक्षी बघतोय. मग ती ज्या वाटेने गेली त्याच वाटेने तिच्या मागे निघालास. ती आपली वाट नव्हती रे. मी हाक मारली तेव्हा वळलास.

तुला जेवायला वाढलं, आणि मोरीत जाऊन रडले.

शिवानीशी बोलले आहे. ठाण्याला दुसऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे जायचं. मी येणार. या खेपेला मी बोलणार, आणि माझं होईपर्यंत पुढच्या पेशंटला कोण आत बोलावतं ते बघते.

तुझी ताई

कल्याण,
६ जानेवारी २०२६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंपुढे तू अशी बोललीस की मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. बाईंनी उलटे आकडे म्हणायला लावले तेव्हाची माझी फजिती तू पाहिलीसच. त्यांचं बोलणं मी रोज शिवानीकडून पुन्हा ऐकतो. फोटोत गाठ, सूज, रक्तस्राव दिसतो. सगळंच दिसत नाही, करोनानंतर मेंदू मंदावतो ते तर नाहीच. फोटो नॉर्मल म्हणजे माणूस बरा, असं नाही. रामबाण औषध नाही, हळूहळू सुधारेल, तूर्त गाडी चालवू नका.

गुरुदत्त गप्प झालाय. पण काहीतरी निघावं म्हणत होतो ना, निघालं आणि कामच गेलं. कुणावर चिडू? व्हॅन आता प्रीतम चालवणार.

काल त्याला पोरांची घरं दाखवायला शेजारी बसून गेलो. एकेक पोर चढलं, मी नाव सांगत गेलो. शेवटची मुलगी चढली आणि माझं डोकं कोरं. पूर्वी खोकल्यासारखं करून वेळ मारून नेली असती. काल म्हटलं, बाळा, काकांना बरं नाही, तुझं नाव आठवत नाहीये, सांगशील का? तिने सांगितलं, संचिता. मग विचारलं, काका, तुम्ही बरे कधी होणार? म्हटलं, ते डॉक्टरांनाही माहीत नाही. ती बरं म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली.

थकलो. इथेच थांबतो. लोभ कमी करू नकोस.
तुझा सुदेश