मार्केटिंग टाकलं

कळंब, रविवार, संध्याकाळ

टाकलं एकदाचं. आता बदलता येत नाही, स्क्रीनवर तसं लिहिलंच होतं.

ऑनलाईन एमबीए यांचं, पण लॉगिन करते मी. पहिल्या वर्षाचे घरून सोडवायचे सगळे इंग्रजी पेपर माझ्याच हातचे. यांना पतसंस्थेत मॅनेजर व्हायचंय ना! मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरंच नव्हतं? असो.

दुपारी धाराशिवहून यांचे मावसभाऊ जेवायला आले होते. म्हणाले, "वहिनी, तुमी पण करा की एमबीए." तर हे बडीशेप चघळत म्हणतात, "तिला इंग्रजी कुठं येतंय? कुकरच्या शिट्ट्या मोजल्या तरी लई झालं." सगळे हसले. ताटं उचलता उचलता मीही हसले. का हसले मी?

पाहुणे गेल्यावर विचारलं, "अहो, स्पेशलायझेशन आजच निवडायचंय. फायनान्स टाकू का मार्केटिंग?"

मोबाईलमधून मान वर नाही. तोंडात बडीशेप. "तुला सोपं जाईल ते टाक."

मला फायनान्स सोपं. तिथं नुसतं लिहायचं असतं. मार्केटिंगला शेवटी तोंडी परीक्षा आहे. ज्याचं नाव त्यानंच कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि इंग्रजीत बोलायचं.

मार्केटिंग निवडलं आणि बटण दाबलं.

"झालं का गं?"

"व्हय, झालं."

"सोपं हाय ना?"

"मला तर लई सोपं हाय," म्हणाले, आणि बडीशेपेची डबी त्यांच्यापुढं सरकवली.