फळ्यावर बाबांचं नाव

गुरुजी, परवा भंडाऱ्याला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. वर्गात मोबाइल आणि ब्लॉग कसा वापरावा, असा विषय. प्रशिक्षण देणारे साहेब माझ्याहून लहान, नागपूरहून आलेले, पडद्यावर चित्रांमागून चित्रं दाखवत होते. आमच्यातले निम्मे लोक आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसले होते, म्हणजे विषय त्यांना आधीपासूनच चांगला येत होता. मग साहेबांनी विचारलं, की आपल्या जिल्ह्यात शिकवण्यासाठी मोबाइल पहिल्यांदा कुणी वापरला असेल? कुणी आपल्या केंद्रप्रमुखांचं नाव घेतलं, एकाने तर स्वतःचंच घेतलं. माझा हात अर्धा वर गेला आणि खाली आला. तुमचं नाव घेतलं असतं तर पुढे सांगावं लागलं असतं, की आमच्या गुरुजींनी मोबाइलवर शिकवलं ते फोन न उचलता. साहेबांना ते पटलं नसतं, आणि समजावून सांगण्याएवढी सोय त्या हॉलमध्ये नव्हती. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे. आज रविवार आहे, दुपारची वेळ आहे, घरात कुणी नाही.

तुमचा तो फोन मला अजून दिसतो. मुलाने नवा घेतला म्हणून तुमच्याकडे आलेला, बटणांवरचे आकडे झिजलेले, मागचं झाकण रबराने बांधलेलं. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाल्याला तेव्हा काही वर्षं झाली होती, पण शाळेच्या भिंतीवरचा नकाशा एकत्रच होता आणि मधली रेघ तुम्ही खडूने ओढायचात. आमचं गाव नाकाडोंगरीच्या अलीकडे, जंगलाला लागून. नेटवर्क सापडायचं ते फक्त तलावाच्या पाळीवर. दिवस मावळतीला लागला की गावातले सगळे फोनवाले बाप पाळीवर जमलेले. कुणी हात उंच करून उभा आहे, कुणी मोहाच्या झाडाला पाठ टेकून 'हॅलो, हॅलो' करतो आहे, कुणी नुसताच फोन खिशातून काढून पुसतो आहे आणि परत ठेवतो आहे. यातला एकही माणूस पालक सभेला कधी आला नव्हता. तुम्ही निरोप धाडून धाडून थकलात, आणि मग एक दिवस सभेचा नाद सोडून स्वतःच पाळीवर जाऊन बसलात.

नियम साधा होता. शाळा सुटताना तुम्ही एक प्रश्न आणि तीन उत्तरं लिहून द्यायचात. संध्याकाळी घरच्या फोनवरून तुम्हाला मिस कॉल द्यायचा. पहिलं उत्तर बरोबर वाटलं तर एक, दुसरं वाटलं तर दोन, तिसरं तर तीन. पैसा लागत नव्हता, म्हणून गावाला ते शिक्षण पसंत पडलं. गंमत अशी, की तुम्ही पाळीच्या एका टोकाला दगडावर बसलेले आणि बाप मंडळी पलीकडच्या टोकाला. तोंडाने सांगितलं असतं तरी ऐकू गेलं असतं. पण तोंडाने सांगायला कुणी थांबलं नसतं. बटण दाबायचं म्हटल्यावर मात्र सगळे रांगेत. तुमचा फोन वाजतो आहे, तुम्ही नाव बघून पाटीवर खूण करता आहात, मध्येच दोघांचे कॉल एकात एक मिसळतात आणि तुम्ही ओरडता, "अरे एकेक जण करा ना बापा! दोन कोनाचे अन् एक कोनाचा, मले कसं समजंन?"

एकदा तुमचं बोट हिरव्या बटणावर पडलं आणि फोन उचलला गेला. पलीकडे पानठेलेवाला होता. तो तिथूनच, फोनमधूनही आणि उघड्या तोंडानेही, एकदम ओरडला, "गुरुजी, उचलला काहून? कापले ना पैसे!" तुम्ही फोनमध्येच म्हणालात, "चुकून उचलला गा!" तो म्हणाला, "मंग अजून बोलून कायले राहिले? ठेवा ना!" सगळी पाळ हसत होती. दुसऱ्या दिवशी तो भरपाई मागायला शाळेत आला. त्याने शाळेची पायरी चढण्याची ती पहिलीच वेळ. तुम्ही त्याला बसवून चहा पाजला आणि त्याच्या पोराची वही दाखवलीत. भरपाईचं तो विसरला, की तुम्ही विसरायला लावलंत, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

मी सातवीत होते. आपली शाळा सातवीपर्यंत, पुढची नाकाडोंगरीला, सायकलने, जंगलातल्या रस्त्याने. बाबांनी वर्ष सुरू होतानाच निकाल लावून टाकला होता. "सातवी झाली का बस. अस्वलाच्या रस्त्यानं पोरीले कायले पाठवाव?" हेच बाबा जयंतीला विहारासमोर शिक्षणावर असं भाषण करायचे, की बाया डोळ्यांना पदर लावायच्या. त्या दिवशी जंगलात अस्वलं नसायची. मी आईला मध्ये घालून पाहिलं, एक वेळ जेवले नाही, काही उपयोग झाला नाही. बाबा वाईट नव्हते. माईनवर दिवसभर मँगनीजच्या धुळीत राबून यायचे, मला मेळ्यातून बांगड्या आणायचे. पण एकदा 'बस' म्हटलं की बस.

फोन अर्थातच त्यांच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. माझ्या हातात तो कधी येत नसे. म्हणून सुरुवातीचे मिस कॉल बाबांनी स्वतःच्या बुद्धीने दिले. वटवाघूळ कोण, या प्रश्नावर पक्षी, सस्तन आणि कीटक अशी तीन उत्तरं होती. मी म्हटलं, "बाबा, दोनदा." ते म्हणाले, "उडते ना? मंग पक्षीच." आणि मोठ्या रुबाबात एकच मिस कॉल मारला. तुम्ही दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या सुविचाराच्या फळ्यावरचा सुविचार पुसून तिथे निकाल लावलात. तुमच्या फोनमध्ये नंबर ज्यांच्या नावाने, तीच नावं फळ्यावर. मुलांची नव्हे, बापांची. बाबांचं नाव सगळ्यात खाली.

गुरुजी, त्या एका फळ्याने गावात जे केलं ते आज माझ्या वर्गाच्या भिंतीवरच्या एवढ्या मोठ्या टीव्हीलाही जमत नाही. पानठेल्यावर बाबांचं जगणं कठीण झालं. "काय गा, तुह्या घरी वटवाघूळ अंडे देते का?" बाबा तावातावाने तुमच्याकडे आले, "गुरुजी, तुमचं पुस्तक चुकलं हाय." तुम्ही पुस्तक उघडून पुढे ठेवलंत. बाबांनी ते वाचलं, पान उलटून मागे काही वेगळं लिहिलं आहे का तेही पाहिलं, आणि घरी येऊन जेवले नाहीत. बेडूक मासा नसतो हे कळल्यावर अजून खाली जायला जागा उरली नाही. मग एका संध्याकाळी पाळीवर त्यांनी माझ्याकडे न बघता, तलावाकडे बघत विचारलं, "सांग बरं, किती वेळा मारू?"

त्या दिवसापासून मी सांगायची आणि बाबा मारायचे. बाबांचं नाव वर चढू लागलं. पावसाळा संपेपर्यंत ते पहिलं झालं आणि तिथून हललं नाही. बाबांचा थाट काय वर्णावा! फळ्यासमोरून जायला गरज नसताना ते फळ्यासमोरून जायचे. माईनवर दुपारच्या सुट्टीत लोकांना वटवाघूळ समजावून सांगायचे. प्रजासत्ताक दिनाला तुम्ही त्यांना पुढे बोलावून कंपासपेटी बक्षीस दिलीत आणि त्यांनी चार शब्दही बोलून घेतले. त्या पेटीत पुढे तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवला जाऊ लागला. मी बांगडी ठेवून वर्तुळं काढत होते.

तेव्हाच मी तुमच्यापाशी येऊन रडले होते. "गुरुजी, उत्तर मी सांगते, नाव बाबांचं काहून?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "फोन कोनाच्या खिशात हाय?" मी म्हटलं, बाबांच्या. "मंग?" तुम्ही एवढंच म्हणालात. मी तिथेच उभी राहिले तेव्हा वैतागून पुढे म्हणालात, "थांब ना थोडी माय. घाई कायची हाय तुले?" आणि हजेरीकडे वळलात. मला वाटलं, हा माणूसही त्यांच्यातलाच. तुमच्या वर्गात मी तेवढ्या एका दिवशी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं.

सातवीचा निकाल लागला आणि तुम्ही घरी आलात. आईला वाटलं तुम्ही बाबांना समजावणार, म्हणून तिने चहात साखर जास्त टाकली. तुम्ही माझं नावच काढलं नाही. पावसाची चौकशी केलीत, बैलांची केलीत, आमच्याकडे बैल नव्हते तरी केलीत. मग उठता उठता म्हणालात, "आता तुमचं नाव पुसावं लागंन फळ्यावरून. सातवी झाली ना तुमची." बाबांचा कप हातातच राहिला. "पुसावं? काहून?" तुम्ही म्हणालात, "जुन्या फळ्यावर नवे लोक येतीन. मी आठवीवाल्याइसाठी वेगळा फळा करून राहिलो. पन त्यात ज्याइचं लेकरू आठवीत जाते त्याइचंच नाव. तुमचा तर इथंच थांबायचा विचार हाय म्हणता." बाबांनी कप खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "पानठेलेवाला हाय का त्यात?" तुम्ही चपला घालत म्हणालात, "हाव. त्यानं तर नाव देल्लं बी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सायकलच्या चेनला तेल देत होते. आई म्हणाली, अस्वलं? बाबा म्हणाले, "अस्वल दिवसा झोपते. गुरुजीले विचार." मी आठवीत गेले. बाबा मात्र आजही पाहुण्यांना सांगतात, "आमी आठवीत गेलो तवा," आणि घरात कुणी दुरुस्त करत नाही. वेगळा फळा तुम्ही खरंच केलात, पत्र्याचा, काळा रंग देऊन. आणि मी नववीत असताना उन्हाळ्यात तुम्ही कायमचे गेलात. पाळीवर त्या संध्याकाळी सगळे आले होते. कुणालाही फोन लावायचा नव्हता. नवे गुरुजी आले, त्यांनी दोन्ही फळ्यांवर सुविचार लिहिले. माझं नाव कधीच कुठे लागलं नाही. मी शिकले, शिक्षिका झाले, आणि एवढी वर्षं तुमच्यावर मनातल्या मनात रुसून राहिले. तुमची आठवण काढायची म्हटलं तरी आधी राग यायचा, मग हसू यायचं, मग रडू.

आता माझं सांगते. मी लाखनीच्या पुढे, महामार्गापासून थोड्या आतल्या एका गावात शिकवते. आमच्या वर्गाचा ब्लॉग आहे. सातवीतल्या एका मुलीने टायरमधल्या हवेवर लिहिलं. तिच्या बाबांचं महामार्गावर पंक्चरचं दुकान. उन्हात टायर का फुटतो, भरलेल्या ट्रकला किती हवा लागते, इतकं सुरेख लिहिलं की मीही नीट समजून घेतलं. तिला आठवीत घालायचं नाही, असं घरी ठरलं होतं. धाकट्या भावंडांकडे बघायला घरी कुणी हवं म्हणे. मी तिचा लेख ब्लॉगवर टाकला. वर शीर्षक दिलं, 'पंक्चरवाले काका सांगतात हवेची गोष्ट', आणि फोटो तिच्या बाबांचा लावला, हातात हवेचा पाइप घेऊन उभे असतानाचा. ते आता दुकानावर थांबणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला फोन काढून दाखवतात. गुजरातचा ड्रायव्हर असो की बंगालचा, आधी ब्लॉग, मग पंक्चर. परवा त्यांनी मला विचारलं, "म्याडम, पुढच्या वर्गात बी असा बलाग असते का?" मी म्हटलं, असतो. सोमवारी ते शाळा सोडल्याचा दाखला न्यायला येतो म्हणाले आहेत, आठवीच्या प्रवेशासाठी.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ती रडली नाही, ती माझ्यापेक्षा खमकी आहे. म्हणाली, "म्याडम, लिवलं मी. मग नाव बाबाचं काहून?" माझ्या तोंडून निघालं, "थांब थोडी." गुरुजी, तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तुमचा चष्मा हवासा वाटला, निदान मागे लपायला.

आज दुपारी मी ब्लॉग उघडून लेखाखाली तिचं नाव लिहिलं. वाचलं. चांगलं दिसत होतं. मग सोमवार आठवला आणि पुसून टाकलं. मंगळवारी लिहीन, असं ठरवलं आहे. तुम्हीही माझ्यासाठी असाच एखादा मंगळवार ठरवून ठेवला असेल, असं आज पहिल्यांदा मनात आलं, आणि रागवायला काही उरलं नाही.

हे पत्र तुम्हाला पाठवता येत नाही. पण खरं सांगते, पाठवता आलं असतं तरी आज पाठवलं नसतं. मंगळवारी मी तिचं नाव खरंच लिहिते का, ते आधी मलाच बघायचं आहे.