‘सावलीचा पत्ता’चे तेरा डबे

मी खाली सही करणार वत्सला लक्ष्मण नरगुंदकर, वय वर्षे एकसष्ट, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, अविवाहित, राहणार सप्तापूर, धारवाड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. एरवी जोडला नसता. पण गेल्या फेब्रुवारीत ऐंशी माणसांसमोर माझ्या स्मरणशक्तीवर शंका घेतली गेली, म्हणून जोडणे भाग पडले.

कलम १. सप्तापुरातील माझ्या मालकीच्या दोन खोल्या, मागच्या कढीपत्त्याच्या झाडासह, माझी पुतणी सुलभा हिला मिळाव्यात. माझा भाऊ मधुकर याला काही ठेवलेले नाही. त्याला राग येईल. यावा. ‘सिनेमाच्या डब्यांपायी हिने आईच्या पाटल्या मोडल्या’ असे तो आठ वर्षे सांगत फिरतो आहे. पाटल्या आईने मला दिल्या होत्या, त्याला नव्हे.

कलम २. बँकेतील शिल्लक निम्मी सुलभाला, निम्मी हिराबाईंना. त्या एकोणीस वर्षे माझा स्वयंपाक करतात. भाजीत मीठ कमी असते हे सोडून माझे कोणतेही मत त्यांनी हसून उडवलेले नाही.

कलम ३. ‘सावलीचा पत्ता’ या चित्रपटाच्या फिल्मचे तेरा डबे. चित्रपटाचे हक्क माझे नाहीत. डबे माझे आहेत. ते माझ्याकडे कसे आले हे नीट लिहून ठेवते, कारण याबाबत बरेच खोटे छापून आले आहे.

१९७४ साली आम्ही दहा-बारा जणांनी धारवाडात चित्रपट मंडळ काढले. महिन्यातून एक चांगला सिनेमा बघायचा आणि मग सेक्रेटरींच्या घरी चहा घेत वाद घालायचा. सेक्रेटरी होते प्रा. राघवेंद्र तडकोडकर, कॉलेजात साहित्य शिकवणारे. बायकांत मी एकटीच. हुबळीच्या दाजीबानपेठेतले कापडवाले अप्पाजी निपाणीकर बसने यायचे आणि बहुतेक सिनेमांत झोपायचे.

त्या मार्चात हुबळीला ‘सावलीचा पत्ता’ लागला आणि तीन दिवसांत उतरला. गोष्ट एवढीच: एक बाई परागंदा नवऱ्याला शोधत परगावी येते. खिडकीतून तो दिसतो, दुसऱ्या संसारात, शेंगा सोलत बसलेला. ती काही न बोलता बस स्टँडवर जाऊन बसते. सात मिनिटे नुसती बसते. बस येते, सिनेमा संपतो.

“कॅमेरा चालू ठेवून दिग्दर्शक चहाला गेला होता,” राघवेंद्र म्हणाले. सगळे हसले.

मी म्हणाले, “ती नुसती बसलेली नाही. त्या सात मिनिटांत ती नवऱ्याला सोडते.”

“वत्सलाबाई, एक्स्चेंजात तुम्ही तीन मिनिटांत माणसांचे ट्रंक कॉल तोडता, आणि इथं सात मिनिटं माफ?”

मग तर लोक पोट धरून हसले. मी गप्प बसले. ही माझी चूक.

मंडळ दोन वर्षांत मोडले. १९७९ साली अप्पाजींच्या दुकानाशेजारचे एका फिल्म वितरकाचे गोदाम रिकामे होत होते. अप्पाजींनी मला एक्स्चेंजात फोन केला. “अक्का, तुमची ती बाई भंगारात चालली बघा. फिल्म वितळवून चांदी काढतात म्हणे.” मी त्याच दुपारी पाटल्या मोडल्या. अप्पाजींनी डबे हातगाडीवर घातले आणि दुकानाच्या कोरड्या माळ्यावर साड्यांच्या गठ्ठ्यांशेजारी चढवले. म्हणाले, “सिनेमा वाईटच आहे अक्का. पण वितळवण्याएवढा नाही.” तेव्हापासून दर दिवाळीच्या साफसफाईत ते एकेक डबा उघडून वारा देतात.

मग वारे फिरले. दोन-तीन वर्षांपूर्वी मासिकांत लेख येऊ लागले. ‘काळाच्या पुढचा चित्रपट’ म्हणे. कॉलेजची पोरे त्यातली वाक्ये पाठ म्हणू लागली. मंडळ पुन्हा उभे राहिले, माझेच डबे नेऊन गेल्या फेब्रुवारीत सकाळचा खेळ ठरला, आणि स्मरणिकेत राघवेंद्रांनी लिहिले: ‘त्या सात मिनिटांत ती नवऱ्याला सोडते, हे मी १९७४ सालीच मांडले होते. मंडळातील एका भगिनीला मात्र चित्रपट संथ वाटला होता.’

मंडळात दुसरी भगिनी नव्हतीच!

खेळ संपल्यावर मी उभी राहिले आणि म्हणाले, “ते वाक्य माझं आहे.”

राघवेंद्र माइकवरून गोड आवाजात म्हणाले, “वत्सलाबाई, वय झालं की आठवणींची सरमिसळ होते. माझीही होते.”

लोक कौतुकाने हसले. तेवढ्यात मागच्या रांगेतून अप्पाजी उठले. “सर, तुम्ही तेव्हा चहाचा विनोद केला होता. मी हसलो होतो. मला पक्कं आठवतंय, कारण त्या दिवशी मी तेवढ्यापुरताच जागा होतो.”

“अप्पाजी, हा कापडाचा विषय नाही.”

“साकु सर, साकु,” अप्पाजी म्हणाले. “पुरे आता. बाईचं वाक्य बाईला द्या.”

दिले नाही. उलट त्यानंतर तीनदा घरी येऊन राघवेंद्रांनी डबे मागितले. ते मोठ्या संग्रहालयात ठेवायचे, वर पाटी ‘तडकोडकर संग्रह’. तिसऱ्या वेळी मी चहासुद्धा विचारला नाही.

आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेले नाही. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी सिनेमा बघताना, त्या सात मिनिटांतल्या तिसऱ्या मिनिटाला माझा संताप झाला, आणि तो त्या बाईवर. अगं, ऊठ! परत जा, दार वाजव, विचार त्याला! तेरा वर्षांपूर्वी तिचे न बोलणे मला थोर वाटले होते. आता वाटते, ती नुसती घाबरली होती. तेव्हा माझे वय अठ्ठेचाळीस होते आणि मीही गप्प बसत होते. गप्प बसणाऱ्या माणसाला गप्प बसणे थोर वाटायचेच. म्हणजे ज्या वाक्यासाठी मी भांडले, ते आज मला पटत नाही. तरी ते माझेच आहे. मत मागे घ्यायचे झाले तरी ते आधी माझ्या नावावर हवे.

कलम ४. सबब तेरा डबे अप्पाजी गणपत निपाणीकर यांना द्यावेत. त्यांना हा सिनेमा १९७४ साली आवडला नाही, यंदाही आवडला नाही. यंदा तर ते पहिल्या डब्यातच झोपले. पण जे आवडत नाही तेही त्यांनी आठ वर्षे वाळवी लागू न देता सांभाळले. ज्याला दाखवायचा त्याला त्यांनी डबे मोफत द्यावेत. पाटी कोणाचीही लावू नये, माझीसुद्धा.

कलम ५. जुन्या मंडळाची इतिवृत्ताची वही प्रा. राघवेंद्र तडकोडकर यांना द्यावी. मंडळ मोडल्यावर ती रद्दीत निघाली होती, मी उचलून ठेवली. बाविसाव्या पानावर माझे वाक्य माझ्या नावानिशी आहे, पुढे कंसात ‘हशा’. अक्षर त्यांचेच आहे. फेब्रुवारीत ती माझ्या पिशवीत होती. काढणार होते, पण पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई नवऱ्याकडे इतक्या अभिमानाने बघत होत्या की हात थांबला. वहीची दुसरी प्रत नाही. जाळायची असेल तर त्यांनी जाळावी. विचारायला मी नसेन.

कलम ६. व्यवस्थापक म्हणून सुलभाने काम पाहावे. माझ्या शोकसभेत राघवेंद्रांना बोलू देऊ नये. बोललेच, तर अप्पाजींना त्यांच्यानंतर बोलू द्यावे.

कलम ७. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यात डबे राघवेंद्रांना ठेवले होते, हे लपवत नाही. आजचे माझे मत वरीलप्रमाणे आहे. ते पुढे बदलले तर ही कलमे बदलण्याचा अधिकार मी राखून ठेवते. मात्र बदलले, तर आधी काय होते ते लिहून मगच बदलीन.

सही: वत्सला लक्ष्मण नरगुंदकर

आम्हां दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली. आम्हांला यातून काही मिळणार नाही:
१) विठ्ठलराव शंकर कित्तूरकर, वकील, धारवाड
२) गोदूबाई तुकाराम जमखंडीकर, शेजारी, सप्तापूर

धारवाड, दिनांक १४ नोव्हेंबर १९८७