बर्फाच्या कारखान्याचे फोटो का आले नाहीत

अलिबाग
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थरूप नूतनताईच्या चरणी,

धाकट्या दादूचा नमस्कार. (गुडघ्याला धक्का नको म्हणून लांबूनच करतो.) इकडे सगळे ठीक आहोत. सुचिताचा खोकला गेला, माझी साखर जिथल्या तिथे आहे आणि परसातल्या ज्या नारळाला वादळाने वाकवून ठेवलं होतं तो तसाच वाकून शेजाऱ्यांच्या हद्दीत नारळ टाकतोय. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींनी कानाचं यंत्र लावायला सुरुवात केली की अजून खिशातच ठेवतात? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मागच्या खेपेला मी ‘हॅलो ताई’ म्हटलं आणि त्यानंतर थेट ‘बरं, ठेवते रे’ ऐकलं. पत्रात तसं करता येत नाही. इथे तुला शेवटपर्यंत गप्प बसून ऐकावं लागणार आहे, आणि हा योग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच येतोय, तेव्हा जरा लांबण लागली तर रागावू नकोस.

तर विषय फोटोंचा. आपला बर्फाचा कारखाना शिमगा झाला की पाडणार, ही बातमी मीच तुला दिली. त्यावर तू हुकूम सोडलास की पाडायच्या आधी आतले सगळे फोटो काढून पाठव, आणि तेही बाबांच्या डबा कॅमेऱ्याने, मोबाइलने नकोत, मोबाइलमध्ये सगळं लग्नाच्या हॉलसारखं चकचकीत दिसतं. मी म्हटलं, अगं, मग तूच ये ना बघायला. तर म्हणालीस, गुडघा आहे, आणि तिथे आता उरलंय काय? काहीच उरलं नसेल तर मी फोटो कशाचे काढायचे, हे विचारायला मी तोंड उघडलं तेव्हा तू फोन ठेवलेला होतास.

कॅमेरा माळ्यावर बाबांच्या ट्रंकेत सापडला. सापडला म्हणजे त्याचं चामड्याचं कव्हर आधी सापडलं, त्यात सुचिताने बटणं ठेवली होती. कॅमेरा वेगळा, तळाशी, आणि त्याच्या भिंगावर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. (चांगलं दोन खोल्यांचं. कारखान्याने बाबांना दिलेल्या आपल्या क्वार्टरपेक्षा बांधकाम पक्कं.) ते खरवडलं, भिंग पुसलं, बटण दाबलं, तर आतून तोच आवाज आला, टक. ताई, तुला सांगतो, मी तिथेच माळ्यावर बसून राहिलो. पुन्हा पुन्हा टक, टक करत होतो. खालून सुचिताने विचारलं, पाल आहे का? मी म्हटलं, बाबा आहेत. ती शिडी धरून उभी राहिली.

पट्टा कुजला होता म्हणून पायजम्याची नाडी बांधली. रोल तुझ्या कमलेशने पुण्याहून मागवून पाठवले. भाचा हुशार आहे, पण समजावून सांगतो असं की समोरच्याने घाबरावं. ‘मामा, रोलला उजेड दिसता कामा नये, एकदा दिसला की संपलं.’ त्याने हे इतक्या वेळा बजावलं की मी भर दुपारी खिडक्या लावून, डोक्यावरून दोन गोधड्या घेऊन, आत चाचपडत रोल बसवला. बाहेर आलो तो घामाने निथळत. सुचिताने कपाळाला हात लावून पाहिलं आणि मला हिवताप झालाय असं ठरवून गवती चहाचा काढा पाजला. रोल बसवायचा होता हे मी सांगितल्यावर म्हणाली, त्यावर काढा जास्तच लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने बंदरावर गेलो. थांब्यावर मुंबईकरांच्या गाड्या किहीमला बंगल्यांवर निघालेल्या, आणि त्यांच्या मधोमध मी, गळ्यात नाडी, नाडीला डबा. कारखान्यावर आता गुणाजी नावाचा रखवालदार आहे. जागा ज्या शेटने घेतलीय त्याला दिवेआगरसारखी खोल्या भाड्याने देण्याची सोय करायचीय, पोहण्याच्या तलावासकट. गुणाजी माणूस भला. बाबांचं नाव सांगताच कुलूप काढलं, पण एका गोष्टीवर अडून बसला. मोकळ्या भिंतीचा फोटो काढायचा हे काही केल्या त्याला पटेना. त्याच्या मते मोकळ्या जागेचा फोटो फक्त पंचनाम्याला काढतात, एरवी फोटोत माणूस पाहिजे. मला एकट्याला भिंतीचे फोटो काढायला लावून आपण नुसतं बघत राहणं त्याला पाहुण्याला उभं ठेवण्यासारखं वाटलं असावं. म्हणून तो प्रत्येक भिंतीपुढे येऊन उभा राहिला. छाती पुढे, हात बाजूला, श्वास रोखून. नको कसं म्हणायचं? चावी त्याच्याकडे होती.

आणि पंचनाम्याचं त्याने नुसतं म्हटलं नाही, बाहेर जाऊन कुणाला तरी सांगितलंही. अर्ध्या तासात दारात माणसं. वादळाच्या नुकसानीचे फोटो घ्यायला इतक्या वर्षांनी का होईना साहेब आला, असा समज झालेला. मी सांगितलं, मी कुणी साहेब नाही, मी इथल्या मशिनवाल्यांचा दादू. तर एक म्हातारे म्हणाले, चालेल, घराजवळचाच माणूस बरा, नीट काढील. मग एक गोठा काढला, एक मोडकी होडी काढली आणि एका आजीबाईंचं न्हाणीघर काढलं, ज्याला काहीच झालेलं नव्हतं, पण शेजारणीचा गोठा काढला आणि आपलं काहीच नाही हे त्यांच्या मनाला लागलं असतं. रोलमध्ये फोटो आठच असतात, ताई. तुझ्या वाट्याला उरलेल्यांत गुणाजी होता.

तो जेवायला गेला तेव्हा मी एकटा आत हिंडलो. छप्पर बरंचसं गेलंय, टाकीत उंबर उगवलाय. पण बर्फाचे पत्र्याचे डबे अजून रांगेने मिठाच्या पाण्याच्या टाकीत उभे आहेत, पाणी नसलेल्या. लादी घसरायची तो उतार आहे. आणि दार आहे, मोठं, ज्याच्या उंबऱ्यावर तू परीक्षेच्या दिवसांत गोणपाटात गुंडाळलेल्या लादीवर पाय ठेवून भूगोल पाठ करायचीस आणि मला पाय ठेवू द्यायची नाहीस. (‘तुझी अजून चौथी आहे, चौथीला गरम होत नाही.’ मी विसरलेलो नाही.) अमोनियाचा वास येईल म्हणून मी खोल श्वास घेतला, तर नुसता ओल्या चुन्याचा वास आला. त्याचं इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. लहानपणी त्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं. आज तो नव्हता आणि तरी आलं.

तुझ्या लग्नात बाबांनी लादीच्या डब्यात अबोलीच्या वेण्या सोडून बर्फ धरला होता, आठवतं? मांडवात मधोमध ती लादी, आत केशरी वेण्या तरंगताहेत, आणि सोलापूरची मंडळी मंगलाष्टकं सोडून तिला बोटं लावून बघताहेत. भाऊजींच्या काकांनी तर गाल टेकवला होता. बाबांनी त्याचा फोटो काढला आणि गडबडीत रोल पुढे फिरवायला विसरले, म्हणून तुमच्या जोडीच्या एकुलत्या एका फोटोत भाऊजींच्या पोटात बर्फाची लादी आहे. वर्षानुवर्षं आई तो फोटो पाहुण्यांना दाखवायची आणि म्हणायची, जावई थंड डोक्याचे आहेत. मी त्या दारात उभा राहून एकटाच हसलो. गुणाजी डबा संपवून परत येत होता, तो जरा लांबच थांबला.

शेवटचा फोटो मला अख्ख्या कारखान्याचा हवा होता, खाडीच्या बाजूने. आता हा कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघायचं असतं, आणि वरच्या काचेत सगळं उलटं दिसतं, डावीकडचं उजवीकडे. कारखान्याची चिमणी चौकटीत येईना म्हणून मी मागे सरकलो. मग ती डावीकडे गेली म्हणून डावीकडे सरकलो, तर ती आणखी डावीकडे. मी मागे, चिमणी बाजूला, मी बाजूला, चिमणी मागे, असं करत करत धक्का संपला. ओहोटी होती म्हणून वाचलो. कमरेपर्यंत गाळात उभा होतो, पण काचेत बघतो तर चिमणी बरोब्बर मधोमध आली होती. मी बटण दाबलं. त्यानंतर नाडी तुटली आणि कॅमेरा पाण्यात.

मला बाहेर काढलं सोनूबाईने. ही बंदरावरची कोळीण, कारखान्याच्या मागच्या अंगणात बोंबील सुकवते. तू सासरी गेल्यावर ती लग्न होऊन आली, म्हणून तुला माहीत नसेल. तिने मला दोरीने ओढलं, बंबावर बसवलं (पंपाजवळच्या दगडी चौथऱ्याला तिथे बंब म्हणतात), अंगावर घडाभर गोडं पाणी ओतलं, सुक्या जवळ्याचं कालवण आणि भाकरी वाढली आणि कॅमेऱ्याचं मी बघते म्हणाली. मी निश्चिंत होऊन जेवलो. ताई, खाडीच्या पाण्यात जे पडतं ते गोड्या पाण्यात धुवायचं, उलगडायचं आणि उन्हात घालायचं, हे त्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. ती मासे, जाळी, नवऱ्याचं रेशनकार्ड, सगळं असंच वाचवत आलीय. मी हात धुऊन मागे गेलो. बोंबलांच्या दांड्या रांगेने उभ्या, बोंबील तोंडात तोंड अडकवून लटकलेले, आणि मधल्या दांडीवर, दोन्ही टोकांना चिमटे लावून, रोल. पूर्ण उलगडलेला, लख्ख उन्हात, वाऱ्यावर हलत होता.

“पट्टी वली झाली व्हती, दादूभाऊ. धुवून सुकत घातली. एकदा उलटवली पन हाय. सांजपरत कडक व्हईल, काय काळजी करू नको.”

तिचा चेहरा इतका समाधानाचा होता की मी म्हटलं, बरं झालं, तुमच्यामुळे वाचला. मग तो सुकेपर्यंत मी तिच्याशेजारी बसून कावळे हाकले. निघताना तिने तो गुंडाळून, रबर लावून दिला, वर शेरभर बोंबील दिले. रोलवर काही आलं नाही हे सांगायला कमलेशची गरज नव्हती, पण मी तरी पाठवला. त्याने कळवलं की रोल नुसता काळा झालाय आणि मामा, याला वास कसला येतोय?

तर ताई, हे असं झालं. फोटो का आले नाहीत हे एवढ्यासाठी सविस्तर लिहिलं, की तुला वाटू नये दादूने आळस केला. माझ्याकडून कसूर झाली नाही. भाऊजींना नमस्कार, कमलेशला आशीर्वाद आणि तुझ्या गुडघ्याला माझ्याकडून तीळतेल.

तुझाच,
दादू

ता. क. सुचिता म्हणते, येताना शेंगदाण्याची चटणी आण, तिखट. मी तिला सांगितलं की ताई येणार आहे असं पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. ती म्हणाली, मग काय लिहिलंय एवढं?

ता. क. गुणाजीने निरोप पाठवलाय. शेटची माणसं आखणी करून गेली, भिंतींवर चुन्याच्या खुणा झाल्यात. धुळवडीनंतरच्या सोमवारी यंत्र येणार. पहिल्यांदा दार काढणार आहेत, गाडी आत जावी म्हणून.

ता. क. सुचिताने हे पत्र वाचलं आणि पाकीट चिकटवू देईना. म्हणते, निम्मंच खरं लिहिलंय. तर उरलेलं निम्मं असं. कमलेशने रोल दोन पाठवले होते. सोनूबाईने धुऊन सुकवलेला कॅमेरा घेऊन त्यानंतरच्या गुरुवारी मी पुन्हा गेलो. गुणाजीला चहाला पाठवलं, खाडीकडे पाठ केली नाही, आणि आठही फोटो आले. तुझ्या कमलेशला मी शपथ घातलीय, त्याला ओरडू नकोस. फोटो छापून आलेत, माझ्या कपाटात आहेत. टाकी, डबे, उतार, दार, आपल्या दोन खोल्या, स्वयंपाकघरातला आईचा कट्टा. बाबांनी काढावेत तसे आलेत. मी ते पाठवणार नाही. तुला फोटो मिळाले की तू ते बघशील, रडशील, ट्रंकेत ठेवशील आणि येणार नाहीस, मला माहितेय. त्या दोन खोल्यांत आईबाबांबरोबर राहिलेलं आता तुझ्या-माझ्याशिवाय कुणी नाही, ताई. त्या सोमवारी मला तिथे एकट्याने उभं राहवणार नाही. स्टँडवर मी रिक्षा घेऊन येतो, गुडघ्याला एक पायरीसुद्धा चढावी लागणार नाही. तू ये.